फेल्डयेगर आणि सहीचे तीन चौकोन

सुरेंद्रला त्या जर्मन शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जर्मनीच्या लष्करी पोलिसांशी तर त्याहून नव्हतं. त्याचं देणंघेणं होतं ते रविवारी दुपारी जेवून आडवं होण्याशी, आणि गेले चार रविवार तेवढंही जमलं नव्हतं. त्या रविवारी मात्र तो खरोखर आडवा झाला होता, डोळ्यांवर पेपर होता, आणि तेवढ्यात स्वरूपा पलंगाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, जागा आहेस? मला जरा मदत हवीय."

यात ताडकन उठून बसण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण सुरेंद्र उठून बसला. स्वरूपाने त्याला शेवटची मदत मागितली होती ती सातवीत, त्रैराशिकाच्या चार गणितांसाठी. सुरेंद्रने तेव्हा एक तास वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं, उत्तरं शाईने उतरवून घेतली होती, आणि चारही चुकली होती. वहीत बाईंनी लाल पेनाने विचारलं होतं, 'हे कुणी शिकवलं?' त्यानंतरच्या दोन वर्षांत स्वरूपा बापाशी बोलत नव्हती असं नाही. 'वायफाय गेलंय का' आणि 'आई कुठंय' हे ती नियमित विचारायची. पण मदत म्हणून नाही.

"बोल," सुरेंद्र म्हणाला, आणि चष्मा शोधायला लागला. चष्मा डोक्यावरच होता.

झालं होतं असं की स्वरूपाच्या शाळेत आठवीपासून जर्मन होतं. मिनल मिसनी प्रदर्शनासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येकाला एक जोडशब्द. तो कुठून आला, कसा जुळला, हे शोधून मराठी आणि इंग्रजी दोन्हीत तक्ता करायचा.

"दिव्याला हँडशू आलं," स्वरूपा म्हणाली. "हाताचा बूट, म्हणजे हातमोजा. संपला तिचा प्रोजेक्ट. निमिषला किंडरगार्टन. त्याला तर शोधायचंही नाहीये, तो तिथे शिकलाय. आणि मला हे."

चिठ्ठीवर होतं 'फेल्डयेगर', आणि खाली मिसनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'जर्मनीचे लष्करी पोलीस.'

"जर्मन ना?" सुरेंद्र म्हणाला. "दे इकडे."

इथे एक खुलासा. सुरेंद्र नऊ वर्षांपूर्वी कंपनीतर्फे अकरा दिवस जर्मनीला जाऊन आला होता. त्यातले नऊ दिवस तो कारखान्याच्या आत होता आणि दोन विमानात. हॉलच्या भिंतीवर बर्फात उभ्या असलेल्या सुरेंद्रचा फोटो आहे. त्या फोटोच्या जोरावर तो पिंपळे सौदागरातल्या त्यांच्या सोसायटीत जर्मनविषयक बाबींचा जाणकार समजला जाई, आणि हा गैरसमज दूर करायची संधी त्याला नऊ वर्षांत मिळाली नव्हती. म्हणजे मिळाली होती. त्याने घेतली नव्हती.

स्वरूपाने तोवर चार पानं टिपणं काढलीच होती. फेल्ड म्हणजे शेत, मोकळं मैदान आणि रणांगणसुद्धा. येगर म्हणजे शिकारी. "मला शब्द कळलाय बाबा," ती म्हणाली. "फक्त मांडायचं कसं ते सांग. मिस म्हणतात निबंध नको, एका नजरेत कळलं पाहिजे."

तिने एवढंच विचारलं होतं. पुढे जे काही झालं ते सगळं या एवढ्याशा प्रश्नाला सुरेंद्रने दिलेलं उत्तर आहे.

सुरेंद्र चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग. वीस वर्षं. तिथे एखादा भाग खराब निघाला की एक छापील फॉर्म भरतात, त्याचं नाव व्हाय-व्हाय. भाग खराब का? मशीन हललं म्हणून. मशीन का हललं? बोल्ट सैल म्हणून. असं पाच वेळा 'का' विचारायचं, पाच चौकोन भरायचे, की पाचव्या चौकोनात मूळ कारण सापडतं. बहुतेक वेळा तिथे 'प्रशिक्षणाचा अभाव' सापडतो. मग ज्याच्या हातून चूक झाली त्याला समज देतात, आणि सगळे जेवायला जातात. सुरेंद्रने घरी दूध उतू जाण्याचंही व्हाय-व्हाय केलं होतं. त्याच्या बायकोने, अरुंधतीने, तो कागद दूध आटवायच्या पातेल्याखाली घातला.

"शब्दाचंही मूळ कारणच शोधायचंय ना?" सुरेंद्र म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटायला लागलं. "मग सोपं आहे. पाच चौकोन आखू."

आखले. पहिला: लष्करी पोलिसांना फेल्डयेगर का म्हणतात? कारण १९५६ साली नव्या जर्मन सैन्याने ते नाव ठेवलं. दुसरा: जुनं नाव का नको झालं? कारण दुसऱ्या महायुद्धातलं नाव होतं फेल्डझांडार्मरी, त्यातला मागचा तुकडा फ्रेंच, 'हत्यारबंद माणसं', आणि युद्धानंतर त्या नावाला लोक भ्यायचे. तिसरा: मग हेच का? कारण हे राजाच्या जुन्या निरोप्यांचं नाव होतं आणि ती पलटण १९१९ साली संपली होती. चौथा: निरोप्यांना शिकारी का म्हणायचे? कारण १७४० साली प्रशियाच्या राजाने जंगल राखणाऱ्यांची आणि शिकाऱ्यांची मुलं भरती केली. त्यांना रानातल्या वाटा माहीत. सैन्याला वाट दाखवायची, निरोप पोचवायचा, आणि नोकरी संपली की जंगलखात्यात जागा मिळायची. पाचवा: फेल्ड का? कारण सैन्याचं काम मैदानात.

"बाबा, एक राहिलं." स्वरूपाने टिपणांतली एक ओळ दाखवली. "महायुद्धाच्या शेवटीशेवटी हेच नाव परत काढलं होतं. पळून जाणाऱ्या आपल्याच सैनिकांना पकडायला एक तुकडी केली, तिलाही फेल्डयेगर म्हणायचे. म्हणजे नाव काही अगदी कोरं नव्हतं."

सुरेंद्रने चौकोन मोजले. पाच होते आणि पाचही भरले होते.

"ते काढून टाक."

"पण ते खरं आहे."

"खरं आहे गं. पण बसत नाहीये. सहावा 'का' नसतोच कधी. बघणाऱ्याचा मुद्दा भरकटतो." आणि तिसऱ्या चौकोनात त्याने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भर घातली, 'हे नाव स्वच्छ होतं.'

स्वरूपाने टिपणं गोळा करून मिटली. सातवीतल्या त्रैराशिकाच्या वेळीही तिने वही अशीच मिटली होती. पण सुरेंद्रचा हात आता चालू लागला होता. पट्टी फिरवत फिरवत त्याने तक्त्याच्या तळाशी, वीस वर्षांच्या सवयीने, आणखी तीन चौकोन आखले. तयार करणारा. तपासणारा. मंजूर करणारा. पहिल्यात स्वरूपाची सही घेतली.

हे तीन चौकोन कुणीही मागितले नव्हते. ना शाळेने, ना स्वरूपाने. पण चाकणमध्ये त्यांच्याशिवाय पाण्याच्या टाकीवरची सूचनासुद्धा लागत नाही.

संध्याकाळी बबनराव आले. बबनराव सोसायटीचे चेअरमन. सोसायटी उभी आहे ते शेत मूळचं त्यांच्याच घरचं, त्यामुळे कुणाच्याही घरात ते बांधावरून आल्यासारखे येत. त्यांनी जेवणाच्या टेबलावरचा तक्ता वाचला.

"फेल्ड म्हंजी रान व्हय?"

"हो, शेत."

"मंग आमी बी फेल्डचंच की." बबनरावांना शब्द आवडला. मग त्यांचं बोट खाली सरकलं. "ह्ये काय? दोन घरं मोकळीच हायेत."

"सह्यांसाठी. नाही घेतल्या तरी चालतं."

"चालतं कसं? मोकळं घर बरं दिसत न्हाई, राव. बघणारा म्हनंल, ह्यांला कुनी इचारलं न्हाई."

सुरेंद्रला रात्रभर तेच दिसत राहिलं. मोकळी घरं.

सोमवारी स्वरूपाने कच्च्या तक्त्याचा फोटो मिसना पाठवला. मिनल मिसना मजकुरापेक्षा चौकोन आवडले. 'किती जबाबदार पद्धत,' त्यांनी लिहिलं. शाळेतही कुणाकुणाला आवडले असावेत, कारण बुधवारी पालकांच्या ग्रुपवर सूचना आली: सर्व तक्त्यांवर तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा अशा तीन सह्या आवश्यक, तपासणारा त्या विषयातला जाणकार असावा. कल्पना सौजन्य: स्वरूपाचे बाबा.

कल्पना सौजन्य लिहिण्याची काही गरज नव्हती.

चौथ्या मजल्यावरच्या जयमालाताई, म्हणजे निमिषची आई, यांचा पहिला मेसेज आला. 'आमचा शब्द किंडरगार्टन आहे. तपासणारा म्हणून अंगणवाडी सेविका चालेल का, की थेट बाळ हवं?' दिव्याच्या वडिलांनी विचारलं, 'हातमोज्याला मंजुरी कोण देणार, हिवाळा?' मग नुसतेच हात जोडलेले आले, ओळीने बावीस. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये सुरेंद्र शिरला की बोलणं थांबायचं. वॉचमनने एकदा रजिस्टरवर सही घेताना विचारलं, "साहेब, ही तयार करणाऱ्याची का तपासणाऱ्याची?"

"तू सांग ना मिसना, की नको म्हणून," स्वरूपा म्हणाली.

आता सुरेंद्रने ते सांगायला हवं होतं. पण आपणच काढलेली पद्धत आपणच मागे घ्यायची म्हणजे पहिल्यांदा काढली तेव्हा विचार केला नव्हता असं दिसतं. "असं कसं," तो म्हणाला. "आपण सगळ्यात चांगल्या सह्या आणू."

तपासणारा हवा होता लष्करी पोलिसांमधला. तो बबनरावांनी दिला. "दिघीला आमच्या साडूचा भाऊ हाय ना, ज्योतीराम. मिल्ट्री पोलिसात व्हता, हवालदार म्हनून सुटला. मी फोन टाकतो." आणि मंजूर करणारा? त्यावर सुरेंद्रने मनाशी एक बेत केला. पुढच्या मंगळवारी कंपनीत कामाच्या दर्जाचं ऑडिट होतं आणि ऑडिटला जर्मनीहून लोमान साहेब येणार होते. जेवणाच्या सुट्टीत, गोड खाऊन झाल्यावर, एक सही. साक्षात जर्मन माणसाची. जयमालाताईंनी मग अंगणवाडीबद्दल खुशाल बोलावं.

शनिवारी बापलेक स्कूटरवरून दिघीला गेले. तक्ता गुंडाळी करून स्वरूपाच्या हातात होता आणि वाऱ्याने तो भोसरीपर्यंत सुरेंद्रच्या कानावर वाजत होता. ज्योतीरामांच्या घराचं फाटक बंद होतं. आत साठीपुढचा, ताठ, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस उभा होता. त्याने फाटक उघडलं नाही.

"कोण?"

"मी सुरेंद्र. बबनरावांनी फोन केला होता."

"ओळखपत्र."

सुरेंद्रला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. गाडीचा परवाना पुढून आणि मागून पाहून झाला. मग स्वरूपाचं शाळेचं कार्ड. फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला.

"फोटोत दोन वेण्या आहेत."

"आता नाही घालत," स्वरूपा म्हणाली.

"मग कार्ड नवीन करून घे, बाळ." आणि फाटक उघडलं.

ज्योतीरामांनी तक्ता टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, आणि एखाद्या जवानाचा सुट्टीचा पास वाचावा तसा वाचला. प्रत्येक तारखेवर बोट. सुरेंद्रच्या पाठीला घाम आला. वीस वर्षं तो दुसऱ्यांची कागदपत्रं अशीच तपासत आला होता, आणि समोरच्याला कसं वाटतं हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"बावीस वर्षं लाल टोपी घातली," ज्योतीराम शेवटी म्हणाले. "स्टेशनवर मी दिसलो की पन्नास पावलांवरून जवान गळ्याचं बटण लावायचे. चहाला कुणी बोलवायचं नाही. आम्हाला मागून काय म्हणायचे ते पोरीसमोर सांगत नाही." ते चौथ्या चौकोनाशी थांबले. "रानातल्या वाटा दाखवायला घेतली होती माणसं?"

"हो काका," स्वरूपा म्हणाली. "आणि निरोप न्यायला. आणि निवृत्त झाले की जंगलखात्यात जागा."

"बरं होतं त्यांचं. आम्हाला मॉलच्या गेटवर मिळते." मग बोट वर सरकवत, "वाट दाखवणारा आणि वाट अडवणारा, नाव एकच? मधे कधी बदललं हे?"

स्वरूपाने बापाकडे पाहिलं. बाप वाट्यांकडे पाहत होता.

"मधलं जागेअभावी घेतलं नाही," सुरेंद्र म्हणाला.

ज्योतीरामांनी पेन काढलं. क्रमांक, हुद्दा, नाव, सही, तारीख, वेळ अकरा चाळीस. सगळं शिस्तीत, एका ओळीत, आणि 'मंजूर करणारा' या चौकोनात.

"काका, ते..." सुरेंद्र म्हणाला. "तुम्ही तपासणारे. ते शेजारचं."

"तपासलं, बरोबर वाटलं, म्हणून मंजूर केलं." ज्योतीरामांनी पेनाचं टोपण लावलं. "नुसतं तपासून सोडून द्यायला मी काय पाहुणा आहे?"

परत येताना सुरेंद्र हिशेब लावत होता की आता लोमान साहेबांना हवालदार ज्योतीरामांच्या हाताखाली तपासणीस म्हणून सही करावी लागणार, आणि हे त्यांना गोड खाल्ल्यावरही कसं सांगायचं.

मंगळवारी तक्ता कंपनीच्या बसमधून चाकणला गेला. सुरेंद्रने तो आपल्या टेबलामागे उभा करून ठेवला आणि गेटवर स्वागताला धावला. पुढचं जे झालं त्यात ज्ञानेशची काही चूक नाही. ज्ञानेश लाईनचा सुपरवायझर, कामाला चोख. आदल्या दिवशी सुरेंद्रनेच त्याला बजावलं होतं की ऑडिटच्या आधी सगळी व्हाय-व्हाय बोर्डावर लागली पाहिजेत, एकही राहता कामा नये. ज्ञानेश शेवटची फेरी मारत होता. त्याला टेबलामागे एक गुंडाळी दिसली. उघडली. पाच 'का', तळाशी तीन चौकोन. मजकूर वाचायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर बोर्डावरचा मजकूर कुणीच कधी वाचत नाही. त्याने तक्ता लावला, भंगाराच्या आलेखाच्या शेजारी, चार टाचण्या टोचून.

लोमान साहेब मात्र बोर्ड वाचणाऱ्यांपैकी निघाले.

ते उंच होते, शांत होते आणि थकलेले दिसत होते. प्लँट हेड त्यांना पुढच्या मशीनकडे नेत होते, पण साहेब बोर्डापाशी थांबले ते थांबलेच. एक मिनिट गेलं. सुरेंद्रने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, आणि चाकणच्या जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं असं त्याला मनापासून वाटलं.

"फेल्डयेगर," साहेब म्हणाले. उच्चार सुरेंद्रपेक्षा बराच वेगळा होता. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. "हे कोणत्या भागाचं आहे?"

"सर, भाग नाही. माझ्या मुलीचा तक्ता आहे."

"ती इथे काम करते?"

"नाही सर. ती नववीत आहे."

प्लँट हेडने डोळे मिटले. साहेबांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि तळ वाचला. "मंजूर करणारे हे कोण?"

"दिघीचे हवालदार, सर. निवृत्त."

"आणि तपासणी रिकामी. म्हणजे मंजुरी आधी, तपासणी नंतर?"

याच मुद्द्यावर सुरेंद्रने स्वतः तीन पुरवठादारांना घाम फोडला होता.

"आणि हे," साहेबांचं बोट तिसऱ्या चौकोनावर होतं. "नाव स्वच्छ होतं, असं लिहिलंय. हे तुमच्या मुलीने लिहिलं?"

"मी लिहिलं."

"युद्धाच्या शेवटी याच नावाची तुकडी होती. आपल्याच पोरांना पकडायची." ते हे अगदी सपाट आवाजात म्हणाले, जसं एखादं माप वाचावं. "ते इथे का नाही?"

"मुलीने काढलं होतं सर. माझ्याकडे पाचच चौकोन होते."

लोमान साहेबांनी चष्मा परत वर केला. "चौकोन आपण आखतो," ते म्हणाले, आणि वहीत लिहायला लागले.

अहवालात त्या दिवशी एकच त्रुटी आली. 'उत्पादन विभागात अनियंत्रित कागद प्रदर्शित. मंजुरी तपासणीपूर्वी.' अनियंत्रित म्हणजे कंपनीच्या नोंदीत नसलेला. पुढच्या सोमवारपर्यंत मूळ कारणासह उत्तर द्यावे. जबाबदार व्यक्ती: सुरेंद्र. मशीन सगळी ठीक होती, मापं सगळी ठीक होती, भंगार कमी होतं, आणि वर्षभराच्या मेहनतीवर नववीतला एक तक्ता बसला होता. परतीच्या बसचा मोशीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला, त्या पाऊण तासात सुरेंद्रने घरी काय सांगायचं याचे चार मसुदे केले आणि चारही टाकून दिले.

घरी आल्यावर त्याने तक्ता टेबलावर ठेवला. चार कोपऱ्यांना चार भोकं.

"स्वरूपा," तो म्हणाला, "तुझा सहावा चौकोन बरोबर होता. मी काढायला नको होता." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अरुंधती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. हवालदारांपर्यंत तिने हसू धरलं. 'ती इथे काम करते?'शी तिला धरवेना आणि ती आत निघून गेली. आतून बराच वेळ पातेलं खाली ठेवल्याचे आवाज येत राहिले.

स्वरूपा हसली नाही. "म्हणजे जर्मन माणसानं सांगितल्यावर पटलं तुला," ती म्हणाली, आणि तक्ता घेऊन खोलीत गेली.



शनिवारी प्रदर्शन झालं. बत्तीस तक्ते. एकतीस तक्त्यांवर तीन-तीन सह्या. किंडरगार्टनला खरोखरच एका अंगणवाडी सेविकेची होती, जांभळ्या शाईत. बत्तिसावा तक्ता स्वरूपाचा, तिने नव्याने केलेला. त्यात चौकोनच नव्हते. एक वाट काढली होती, रानातून निघालेली, मधेच काळी झालेली, मग पुढे गेलेली. काळ्या तुकड्यावर पळणाऱ्या सैनिकांची तीच ओळ होती, तिच्या स्वतःच्या अक्षरात.

"अगं, सह्या कुठायत?" मिनल मिसनी विचारलं.

"मिस, आधीच्या सह्यांचा क्रम चुकला होता. म्हणून तो कागद रद्द केला."

मिसनी तक्त्याचा कोपरा उचलून मागेही पाहिलं. कोपऱ्यात उभा असलेला सुरेंद्र शेजारचा हातमोज्याचा तक्ता वाचायला लागला. तेवढ्यात, बबनरावांनी कळवलं असावं, फाटकातून ज्योतीराम आले, कोट घालून, छातीवर पदकं. गर्दी आपोआप बाजूला झाली आणि निमिषने शर्टाचं वरचं बटण लावलं. ज्योतीरामांनी आपली सही शोधली. ती नव्हती. सुरेंद्र पुढे होऊन काही तरी सारवासारव करणार होता. पण ते काळ्या तुकड्याशी वाकून वाचत होते.

"हां," ते म्हणाले. "हेच राहिलं होतं. आता संगती लागतेय." आणि स्वरूपाला, "कार्ड केलंस नवीन?"

"अर्ज दिलाय, काका."

बक्षीस हातमोज्याला मिळालं.

रविवारी दुपारी सुरेंद्र जेवून आडवा झाला नाही. तो कंपनीचा फॉर्म घेऊन टेबलाशी बसला. अनियंत्रित कागद बोर्डावर का? ज्ञानेशने लावला. ज्ञानेशने का लावला? आपला वाटला. आपला का वाटला? मी आमच्या पद्धतीने आखला. त्या पद्धतीने का आखला? मला दुसरी कुठली पद्धत येत नाही. पाचव्या चौकोनात त्याने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, खोडरबराने खोडलं, वर पेनाने लिहिलं, 'प्रशिक्षणाचा अभाव.' उपाय: संबंधितास समज दिली.

स्वरूपा पाणी प्यायला आली आणि मागे उभी राहून वाचायला लागली. आजकाल ती असं करत नसे.

"प्रशिक्षणाचा अभाव? कुणाचं प्रशिक्षण?"

"असंच लिहितात गं. खपतं."

तिने फॉर्म उचलला आणि खिडकीकडे धरला. सुरेंद्रची पेन्सिल नेहमी जास्तच दाबली जाते. कंपनीतही लोक त्याला सांगतात. खोडलेलं उजेडात सरळ वाचता येत होतं. 'तिने दोन वर्षांनी काहीतरी विचारलं होतं.'

स्वरूपाने ते वाचलं. फॉर्म जसा होता तसा टेबलावर ठेवला. पाण्याचा ग्लास भरला, अर्धा प्यायला, सिंकमध्ये विसळला, पालथा घातला. एका ग्लासाला लागतो त्याहून हे बराच जास्त वेळ चाललं होतं. सुरेंद्र पेनाचं टोपण लावत आणि काढत बसला होता.

"बाबा," ती पाठमोरीच म्हणाली, "ती राजाची माणसं. निरोप घेऊन जायची ती. निरोपात काय लिहिलंय ते त्यांना माहीत असायचं का?"

सुरेंद्रचा हात सवयीने पट्टीकडे गेला. कोपऱ्यातला कोरा कागदही त्याने ओढला. बर्फातला फोटो भिंतीवरून त्याच्याकडे बघत होता. मग त्याने पट्टी होती तिथे परत ठेवली.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

स्वरूपाने त्याच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली.